वापरात नसलेले भाग

१

भित्री वाक्यं धीट करणं हा माझा धंदा आहे. प्रोग्राम लिहिणारी माणसं मोठी विचित्र असतात. लाखो लोक वापरतील असा कोड ती बिनदिक्कत लिहितील, पण त्याच कोडविषयी दोन ओळी लिहायची वेळ आली की त्यांची पाचावर धारण बसते. मग 'कदाचित', 'शक्यतो', 'बहुतेक वेळा', 'आमच्या समजुतीप्रमाणे' असल्या शब्दांची नुसती पखरण. मी ती झाडून काढते. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, काय आहे आणि काय नाही.

मी एका कंपायलरच्या रिलीज नोट्स तपासते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणून देणारा प्रोग्राम. आमचा कंपायलर कुणा एकाच्या मालकीचा नाही. ठिकठिकाणची माणसं आपापला वेळ काढून तो सुधारतात आणि ज्याला हवा तो फुकट वापरतो. अधूनमधून नवी आवृत्ती निघते, तिच्यासोबत काय नवं आलं, काय बदललं आणि काय काढून टाकलं हे सांगणाऱ्या नोट्स निघतात. त्यांची भाषा माझ्याकडे. या सगळ्या गोतावळ्याचा जो प्रमुख आहे त्याला आम्ही कप्तान म्हणतो. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त फोनवर ऐकलं आहे. बोलण्याआधी खोकायची त्याला सवय आहे.

कप्तानचा एक नियम आहे आणि आमच्यात तो सगळे पाळतात. नोट एक सांगते आणि कोड भलतंच करतो असं निघालं, तर चूक कोडची. नोट लोकांनी वाचलेली असते, तिच्यावर विसंबून ते कामाला लागलेले असतात, तेव्हा कोड बदलायचा. 'नोट खरी,' एवढंच कप्तान म्हणतो आणि वाद मिटतो. मला हा नियम फार आवडायचा. माझ्या कामाला एवढा मान देणारं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं.

माझं टेबल ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पलीकडे बाबांची खोली. बाबांनी आयुष्यभर वेताच्या खुर्च्या विणल्या. दुकान गेलं, गिऱ्हाईकं गेली, आई गेली, पण हात थांबेनात. एकच खुर्ची उरली आहे. तिची बैठक ते विणतात, पुरी झाली की तिच्यावरून तळवा फिरवतात आणि मग पट्टी पट्टी करून सगळी उसवतात. पट्ट्या बादलीत भिजत घालतात आणि पुन्हा सुरू. वेत फारच कुजका झाला की ताई नवी गुंडाळी पाठवते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न करून दूर गेलेली.

दिवसभर भिंतीतून आवाज येतो. वेत भोकातून ओढला जातो तो सर्र, मग तो धरून ठेवायला खुंटी ठोकतात तो टक, मग बादलीतलं पाणी. त्या आवाजावर मी कामाची लय धरते. जेवणाच्या वेळी ताट वाढते, त्यांच्या दारात स्टुलावर ठेवते, "बाबा, जेवण" म्हणते आणि वळते. रिकामं ताट तसंच स्टुलावरून उचलते. माझी त्यांच्यावर माया नाही असं कुणी म्हणू नये. मी मागे राहिले म्हणून ताईला संसार करता आला.

२

या वेळच्या नोट्समध्ये एका नव्या पोराचा मजकूर होता. त्याने लिहिलं होतं: 'या बदलामुळे, शक्यतो, ज्या भागांचा परिणाम कुठेच वापरला जात नसावा असे काही भाग काही वेळा काढून टाकले जाऊ शकतात. बहुधा वागण्यात फरक पडू नये.'

मी कपाळाला हात लावला. दोन वाक्यांत इतके अंगचोर शब्द. मुळात गोष्ट अगदी साधी होती. प्रोग्राममध्ये कधीकधी असा एखादा भाग असतो की तो राबराब राबतो, काहीतरी उत्तर काढतो, आणि ते उत्तर पुढे कुणी पाहतच नाही. मग त्याला राबवायचं कशाला? कंपायलर तो भाग गाळून टाकतो. प्रोग्राम हलका होतो, चालतो मात्र पहिल्यासारखाच. कुणाला पत्ता लागत नाही.

मी लिहिलं: 'ज्या भागाचा उपयोग कुणी करत नाही तो काढून टाकला जातो. वागण्यात काही फरक पडत नाही.'

कप्तानचा फोन आला. खोकला आणि म्हणाला, "आता कसं, माणसासारखं बोलायला लागला आपला कंपायलर."

मी खूश झाले. भिंतीपलीकडे बाबांनी खुंटी ठोकली.

३

आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. रस्त्यावरच्या दारातून लाकडी जिना चढून यावं लागतं आणि जिना जिथे वळतो तिथे एक लहानशी खिडकी होती. तिच्या काचेला आईने कधीतरी निळा कागद चिकटवला होता, ऊन लागतं म्हणून. मी हे इतक्या बारकाईने सांगते आहे कारण आता ते सांगणारी मी एकटीच आहे.

नोट्स बाहेर पडल्या त्यानंतर लवकरच एकदा मी भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होते. वळणावर दम खायला थांबले आणि लक्षात आलं की मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

भिंत नवी असती तर मी आरडाओरडा केला असता. पण भिंत जुनी होती. तिच्यावर ओल उतरल्याचे डाग होते, कोपऱ्यात जाळं होतं, पोरांनी कधीकाळी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी पिशव्या तिथेच ठेवून खाली उतरले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन वर पाहिलं. जिथे खिडकी असायला हवी तिथून पावसाच्या पाण्याचा नळ सरळ खाली आला होता, गंजून भिंतीला चिकटलेला. त्याला कधी खिडकीला वळसा घालून वाट काढावी लागल्याची खूण नव्हती.

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली. निळ्या कागदाची खिडकी आपल्या जुन्या घरी असेल, आपण गल्लत करतो आहोत. दिवसभर पडद्याकडे पाहून डोळे शिणतात, मग डोकं काहीही जुळवतं. हे पटण्यासारखं होतं. फक्त जुनं घर असं आम्हाला कधी नव्हतंच.

झाडलोट करायला मावशी येतात, त्यांना विचारलं. जिना त्याच पुसतात.

"खिडकी?" मावशी फडकं पिळत हसल्या. "तिथे कुठली आली खिडकी, बाई? असती तर मलाच पुसावी लागली असती. नाही तेच बरं आहे."

"निळा कागद लावलेली, मावशी. नीट आठवा."

"बाई, तुम्ही जरा बाहेर पडत चला. दिवसभर त्या डब्यासमोर बसून तुमचं डोकं फिरेल एक दिवस."

४

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून घर पाहू लागले, आणि पाहू लागले तसतसं कळत गेलं की उशीर झालेला आहे.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली खण होते. सगळ्यांत खालचा, ज्यात आम्ही तुटक्या किल्ल्या आणि दोऱ्यांचे तुकडे टाकायचो, तो नव्हता. वरचे खण खालपर्यंत आले होते, असे की मुळात तेवढेच असावेत. न्हाणीघरात दोन नळ होते, एक बिघडलेला. बिघडलेला आता नव्हता. फरशा अखंड, कुठे भोक बुजवल्याचा डाग नाही. जुना दात पडला तर जिभेला तिथे खड्डा तरी लागतो. इथे तेवढंही नव्हतं. घर मिटून जागच्या जागी बसत होतं आणि चालत पहिल्यासारखंच होतं. पाणी येत होतं, दिवे लागत होते, जिना चढता येत होता.

मी तर्काने चालणारी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी मला ऐकवत नाहीत, त्यांत वाक्यं फार सैल असतात. म्हणून मी एक साधी परीक्षा केली. माळ्यावर आईचा पाटा पडून होता आणि शेजारीच एक मोडकी शेगडी. पाट्याला मी येता जाता हात लावत राहिले. शेगडीकडे मुद्दाम ढुंकून पाहिलं नाही. काही दिवसांनी स्टूल घेऊन चढले. पाटा होता. पाट्याच्या पलीकडे माळा संपत होता. पूर्वी तिथे आणखी हातभर जागा होती, मी शपथेवर सांगते.

तेव्हापासून मला एक वेड लागलं. सकाळी उठून मी घरभर फिरत असे. कपाटाची दारं उघडायची, मिटायची. प्रत्येक खुंटीला एकदा काहीतरी अडकवायचं. मागच्या गॅलरीची कडी सरकवायची. गच्चीच्या दाराचं कुलूप उघडून पुन्हा लावायचं. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहायच्या.

"काय हरवलंय, बाई?"

"काही नाही. वापरतेय."

मग त्यांनी माझ्यापुढे चहा आणून ठेवला आणि मी पिऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

५

मी कप्तानला फोन केला. म्हटलं, त्या वाक्यात मला पुन्हा 'शक्यतो' घालायचं आहे.

तो खोकला. "का गं? चांगलं आहे की वाक्य."

"मूळ मजकुरात होतं. मी काढलं. त्या पोराने काहीतरी विचार करून घातलं असेल."

"विचार कसला, भित्रा होता तो. त्याचा कोड संशय आला की हात आवरता घ्यायचा. कुणाला लागेलसं वाटलं की सोडून द्यायचा. निम्मं काढायचा, निम्मं ठेवायचा."

"मग?"

"मग काय! तू सरळ लिहिलंस, लोकांनी वाचलं. नोट खरी. आम्ही कोड सरळ केला. आता सोडत नाही तो काही."

"पण एखादी गोष्ट वापरात आहे की नाही, हे ठरवतं कोण?"

"ठरवायचं काय त्यात? कुणी मागितली का ते बघायचं. नाही मागितली, तर काढायची." तो हसला, त्या हसण्यातून पुन्हा खोकला निघाला. "बरी आठवण केलीस. एक तक्रार आली आहे. उत्तर तू लिहून दे, तुझ्या गोड भाषेत."

तक्रार एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. त्यांच्या मुलाने लहानपणी लिहिलेला एक तुकडा त्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये तसाच ठेवला होता. तो काही करत नसे. नुसता आकडे मोजत असे आणि टाकून देत असे. मुलगा आता नव्हता. 'त्याचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण तो चालतो आहे एवढं मला पुरत होतं. आता तो चालत नाही. परत कसा आणायचा, कृपया सांगा.'

मी कोड लिहिणाऱ्यांना विचारलं. परत आणता येणार नाही, असं उत्तर आलं. एकदा काढलेल्या गोष्टीची आठवण कंपायलर ठेवत नाही. नंतर कुणी मागितली तर तो फक्त म्हणतो, असं इथे काही नाही.

मी उत्तर लिहिलं. 'आपण तो भाग वापरत असल्याचं आढळलं नाही.' त्यात एकही अंगचोर शब्द नव्हता. मी पाठवून दिलं आणि टेबलाशी बसून राहिले.

भिंतीतून आवाज येत होता. सर्र. टक. मग पाणी.

आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. विणायचं आणि उसवायचं, कुणाच्याही उपयोगाला न येणारं, कुणी न मागितलेलं, दिवसच्या दिवस. या घरात कंपायलरने पाहिल्याबरोबर गाळावं असं काही असेल, तर ते त्या भिंतीपलीकडे होतं.

६

मी बाबांच्या दारात गेले. दुपारचं ऊन होतं. ते दाराकडे पाठ करून खुर्चीवर वाकले होते.

"बाबा, ही खुर्ची मला द्या. कामाला बसायला हवी आहे."

"झाली नाही अजून." आवाज नेहमीचा होता, जरा घोगरा.

"झाली की. दिसतेय ना, पुरी विणून झालीय."

"उसवायची आहे."

"उसवू नका. मला लागणार आहे, बाबा. खरंच लागणार आहे."

मी खुर्ची उचलली आणि घेऊन आले. माझी चाकांची खुर्ची बाजूला सारली आणि त्या ताज्या, किंचित ओल्या बैठकीवर बसले. मला हसू येत होतं. इतकं सोपं होतं तर! आता बाबांच्या हातचं काम मी वापरते आहे, आता त्यांना कोण कशाला हात लावतंय. सगळी दुपार मी तिथे बसून दुसऱ्या कुणाच्या नोट्स तपासल्या. पाठ दुखली नाही. फार दिवसांनी मला बरं वाटत होतं, आणि मग संध्याकाळ होता होता जाणवलं की घरात आवाज नाही.

उठून गेले. दार उघडंच होतं. खोली मला लहान वाटली. पलंगाच्या पलीकडे आईची शिवणपेटी असायची, ती नव्हती आणि पेटीपुरती जागाही नव्हती. भिंत पलंगाला येऊन टेकली होती. बादली कोरडी होती. बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर उताणे पडले होते, बोटं अर्धवट वळलेली, ज्यांना धरायला काहीच दिलेलं नाही अशी.

मी धावत जाऊन खुर्ची आणली. त्यांच्यापुढे ठेवली. मी तोंडाने काहीतरी बडबडत होते, "घ्या, बाबा, चुकलं माझं, उसवा, पुन्हा विणा." त्यांचे हात हळूहळू उचलले गेले. बैठकीवरून फिरले. कोपऱ्यातली खुंटी त्यांना सापडली, तिच्याखालचं टोक सापडलं, आणि वेत सर्रकन सुटला.

माझा जीव भांड्यात पडला. मी दिवा लावला, आणि त्यांना बघून हसावं म्हणून मान वर केली.

सदरा होता. गळ्याचं बटण लावलेलं होतं. त्याच्या वर मी पाहिलं.

तिथे अंधार नव्हता. दिवा चांगला लख्ख होता. मागची भिंत स्वच्छ दिसत होती, तिच्यावर पूर्वी घड्याळ लावायचो तो खिळासुद्धा.

हात विणीशी झटत होते. मी मान खाली घातली, बादलीत पाणी भरून ठेवलं आणि बाहेर आले.

७

दिव्याचा तो कोन असेल. उभं राहिल्यावर चक्कर आली असेल. म्हाताऱ्या माणसाची मान वाकते, खांद्यांत जाते. मी असं खूप काही स्वतःला सांगितलं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य 'असेल'वर संपत होतं. ही वाक्यं दुसऱ्या कुणाची असती तर मी त्यांना हात लावला असता.

मग मी डोळे मिटून बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. हात आठवले. अंगठ्याजवळचा घट्टा, वेताने चिरलेली नखं, सगळं. आवाज आठवला. पाठ आठवली, मानेमागची कातडी आठवली. चेहरा नाही. दाढी ठेवतात की नाही हेही मला सांगता येईना.

फोनमध्ये त्यांचा फोटो मी कधी काढला नव्हता. ताईच्या लग्नाचे फोटो शोधून काढले. सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये बाबा खाली वाकून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेला कागद सारत होते. प्रत्येक फोटोत कशाला तरी वाकलेले.

शेवटचं त्यांच्या तोंडाकडे मी कधी पाहिलं होतं? ताट स्टुलावर ठेवताना मी ताटाकडे बघायचे. रिकामं उचलताना त्यात किती उरलं ते बघायचे. दिवसभर त्यांचा आवाज ऐकायचे, तो मला कामाला बरा वाटायचा म्हणून. बाबांपैकी मला जेवढं लागत होतं तेवढं मी घेत होते. ते सगळं अजून शाबूत होतं. बाकीचं मी मागितलं नव्हतं.

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मोठ्याने रडले. मग ताईला फोन लावला. म्हटलं, ये. आत्ताच्या आत्ता निघ.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"तू ये आणि त्यांच्याकडे बघ."

"म्हणजे काय?"

"ताई, मी हात टेकले. मला काही विचारू नकोस. फक्त ये."

८

ताई आली. जिना चढून धापा टाकत आली आणि चपला काढता काढता तिने मला आपादमस्तक पाहिलं. "तूच आजारी दिसतेस मला," म्हणाली आणि सरळ बाबांच्या खोलीत गेली. दार लोटलं.

मी बाहेर भिंतीला टेकून बसले. आतून ओरडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान दाबून धरले होते. पण ओरडणं आलं नाही. बोलणं आलं. ताईचं, मग बाबांचं, मग ताईचं हसणं. ती त्यांना तिच्या पोरांच्या खोड्या सांगत होती. बाबा काहीतरी म्हणाले आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. किती दिवसांनी त्या खोलीत कुणी हसत होतं. मी हात कानांवरून काढले. मला वाटलं, संपलं, आपण वेडे झालो होतो, डॉक्टरकडे जाऊ, गोळ्या घेऊ, बाबा आहेत.

ताई बाहेर आली ती डोळे पुसत.

"किती छान दिसतायत गं बाबा!" ती म्हणाली. "तू तर मला घाबरवूनच सोडलंस."

"दिसतात?"

"म्हणजे काय? दाढी वाढवलीय, पांढरीशुभ्र झालीय. पण डोळे बघ, तेच. खोडकर."

"कसे? सांग ना मला. नीट सांग."

तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण सांगितलं. भुवया कशा आहेत, हसताना एक गाल कसा आधी वर जातो, कानाच्या पाळीशी तीळ. मी तिचं बोलणं शब्द न् शब्द ऐकत होते. मनात दाढी लावली, भुवया लावल्या, तीळ लावला. शब्द जागच्या जागी राहिले. त्यांच्यामागे कुणी उभं राहिलं नाही.

"चल ना, आत जाऊन बस त्यांच्याजवळ," ताई म्हणाली. "तू इथे असून जात नाहीस वाटतं फारशी."

"जाते की. दोन्ही वेळा ताट घेऊन जाते."

"हो, तेच." पदराला काही लागलं नसताना ताई तो झटकत राहिली. "मनाला लावून घेऊ नकोस हं. वय झालंय त्यांचं. मला विचारत होते, धाकटी कुठे असते हल्ली, किती वर्षांत आली नाही. मी म्हटलं, अहो बाबा, तीच तर सांभाळते तुम्हाला, इथेच तर असते."

"मग?"

"जाऊ दे गं."

"ताई, मग काय म्हणाले?"

"म्हणाले, ताट येतं. अगदी वेळेवर येतं." ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणाले, कोण आणतं ते मात्र दिसत नाही."

९

ताईला परतायचं होतं, घरी पोरं वाट पाहत होती. ती पुन्हा लवकर येईन म्हणाली. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली, रस्त्यावरचं दार लागलं.

मी ताट वाढलं. गरम होतं सगळं. आज स्टुलाकडे वळायचं नाही असं ठरवून मी आत गेले, थेट पलंगापर्यंत. खुर्चीची बैठक अर्धी विणून झाली होती. तिच्या पलीकडे हात होते, सदरा होता. त्याच्या वर मी बघितलं, मुद्दाम, डोळे फाडून बघितलं. भिंत होती, खिळा होता. तरीही मी गुडघे टेकून समोर बसले आणि ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"बाबा," मी म्हणाले. "मी आहे. ताट मी आणते. रोज मीच आणते."

वेत ओढायचा थांबला. "आलं वाटतं," आवाज म्हणाला. मला उद्देशून नव्हे, आपण एकटे असताना बोलतो तसा.

"बाबा, इकडे. माझ्याकडे बघा."

ओले हात पुढे आले. हवेत चाचपडले, ताटाची कड त्यांना सापडली. बोटं कडेवरून दोन्ही बाजूंनी सरकत आली, आंधळा माणूस काठ शोधतो तशी. माझी बोटं जिथे होती तिथवर आली. मी बोटं हलवली नाहीत.

ती थांबली नाहीत. माझ्या बोटांवरून तशीच पुढे गेली, जशी तिथेही ताटाची कडच असावी. माझ्या बोटांनाही काही लागलं नाही.